‘गेट’ मुळापासून शिकताना: एका छोट्या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि उगम

इंग्रजी शिकायला लागलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यातच ‘गेट’शी गाठ पडते आणि पुढे कित्येक वर्षं ते त्याचा पिच्छा सोडत नाही. ही पाच वाक्यं बघा. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळालं. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमलो. ‘आय गॉट होम’ म्हणजे मी घरी पोचलो. ‘आय गॉट द जोक’ म्हणजे मला विनोद कळला. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मी त्याच्याकडून सही करून घेतली. मराठीत पाच वेगळी क्रियापदं लागली, इंग्रजीचं एकाच शब्दावर भागलं.

शब्दकोश उघडावा तर या शब्दाखाली अर्थांची रांगच रांग. ती पाठ करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आधीच सांगतो: त्या रस्त्याने जाऊ नका. ‘गेट’ला समजून घ्यायचा दुसरा रस्ता आहे, आणि तो त्या शब्दाच्या जन्मापर्यंत जातो.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. दारावरचं ‘गेट’ हा निराळा शब्द आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, पण इंग्रजीत त्यांचं स्पेलिंग वेगळं, उच्चार थोडा वेगळा आणि कूळही वेगळं. इथे बोलतोय ते फक्त क्रियापदाबद्दल.

पायरी १: ‘गेट म्हणजे मिळणे’ हे समीकरण पुसून टाका

हे समीकरण खोटं नाही, अपुरं आहे. आणि अपुरं समीकरण जास्त फसवतं, कारण दहातल्या तीनचार वाक्यांत ते बरोबर निघतं आणि आपला त्याच्यावर विश्वास बसतो. भाषांतराला लागलो तेव्हा ‘शी गॉट हिम टॉकिंग’ या वाक्याचं मी ‘तिला तो बोलताना सापडला’ असं करून ठेवलं होतं. खरा अर्थ होता ‘तिने त्याला बोलतं केलं’. गप्प बसलेल्या माणसाला एका बाईने हळूहळू बोलतं केलं, त्या प्रसंगाचा सगळा जीवच त्यात होता आणि माझ्या वाक्यात तो उरला नाही. संपादकांनी पानावर लाल रेघ मारून परत पाठवलं, तेव्हा पहिल्यांदा मी या क्रियापदाकडे नीट पाहिलं.

एका क्रियापदाला इतके अर्थ कसे, असं वाटत असेल तर आपलं ‘लागणे’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, वेड लागतं, शोध लागतो, वाक्याचा अर्थ लागतो, वाटेत नदी लागते आणि नको असलं तरी जावं लागतं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘लागणे’ची यादी पाठ करायची म्हटली तर त्याला रडू येईल. आपल्याला मात्र कधी यादी लागली नाही, कारण या सगळ्यांच्या तळाशी एकच हालचाल आपण न शिकता ओळखतो: काहीतरी येऊन चिकटतं, भिडतं. संस्कृतातल्या ‘लग्’ धातूचा अर्थही चिकटणे हाच. भूक येऊन चिकटते, वेड येऊन चिकटतं, कर्तव्यही येऊन चिकटतं.

‘गेट’च्या तळाशीही अशी एक हालचाल आहे. ती सापडली की यादीची गरज पुष्कळ कमी होते.

पायरी २: ‘आधी नव्हतं, आता आहे’ ही कसोटी लावा

वरच्या पाच वाक्यांकडे परत या. पत्र हातात नव्हतं, आता आहे. थकवा नव्हता, आता आहे. मी घरी नव्हतो, आता आहे. विनोद डोक्यात शिरला नव्हता, आता शिरला आहे. सही नव्हती, आता आहे. प्रत्येक ठिकाणी ‘गेट’ दाखवतं तो उंबरठा ओलांडण्याचा क्षण. ओलांडून झाल्यावरची स्थिती इंग्रजी दुसऱ्या दोन क्रियापदांनी सांगते, ‘हॅव’ आणि ‘बी’.

म्हणून कुठेही ‘गेट’ दिसलं की त्याची जोडी शोधा. ‘गेट अ की’ झालं की पुढची स्थिती ‘हॅव अ की’. ‘गेट अँग्री’ झालं की ‘बी अँग्री’. ‘गेट मॅरीड’ झालं की ‘बी मॅरीड’. एक क्षण, दुसरी स्थिती. लग्न एका दिवशी लागतं आणि माणूस विवाहित पुढे वर्षानुवर्षं असतो.

या जोडीचा फायदा बोलतानाही होतो. ‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलेला होतो’ यांतला फरक मराठी कान लगेच टिपतो. पहिल्याला ‘गॉट अँग्री’, दुसऱ्याला ‘वॉज अँग्री’. नवशिके सरसकट ‘वॉज’ वापरतात. चूक तशी लहान, पण गोष्ट सांगताना ती घटना पुसून टाकते: माणूस कधी रागावला ते कळतच नाही, तो आपला रागावलेलाच असतो.

पायरी ३: क्रियापदाच्या उजवीकडे काय आहे ते बघा

ही पायरी सगळ्यांत कामाची आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू. ‘गेट’ स्वतः फार कमी बोलतं. अर्थ ठरवतो तो त्याच्या लगेच उजवीकडे बसलेला शेजारी.

शेजारी नाम असेल, म्हणजे एखादी वस्तू किंवा व्यक्ती, तर मिळणं, मिळवणं, आणणं, विकत घेणं या परिसरातला अर्थ. ‘गेट अ जॉब’, ‘गेट सम वॉटर’, ‘गेट अ कोल्ड’. सर्दीही अशीच मिळते. वस्तू आपणहून आली की आपण मिळवली, हे ‘गेट’ सांगत नाही, ते संदर्भावरून ओळखायचं. मराठीत मात्र ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांतला फरक डोळ्यांत भरणारा आहे, त्यामुळे मराठीत आणताना दरवेळी थांबून विचार करावा लागतो.

शेजारी विशेषण असेल तर अर्थ ‘होणे’. ‘गेट ओल्ड’, ‘गेट डार्क’, ‘गेट बेटर’. इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडलेले विद्यार्थी मी खूप पाहिले आहेत. ‘होणे’ हा अर्थ फक्त विशेषणाबरोबर चालतो, नामाबरोबर नाही. ‘तो डॉक्टर झाला’ याचं ‘ही गॉट अ डॉक्टर’ केलंत तर त्याचा अर्थ ‘त्याने डॉक्टर आणला’ असा होतो. तिथे ‘बिकेम’च हवं.

शेजारी जागा असेल तर ‘पोचणे’. ‘गेट होम’, ‘गेट देअर’, ‘गेट टू द स्टेशन’. ‘होम’ आणि ‘देअर’ यांच्या आधी ‘टू’ येत नाही, बाकी जागांच्या आधी येतं.

‘टू’ आणि मग क्रियापद असेल तर? ‘आय गॉट टू मीट हर’. याला मराठीत जवळजवळ हुबेहूब जोड आहे: मला तिला भेटायला मिळालं. संधी हाती आली. पण ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणालात तर अर्थ एकदम कडक होतो: मला तिला भेटलंच पाहिजे. एका ‘हॅव’ने संधीची सक्ती झाली. रोजच्या बोलण्यात हे ‘हॅव’ गिळलं जातं आणि ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं, त्यामुळे ऐकताना गोंधळ उडतो. कुठला अर्थ आहे हे तेव्हा प्रसंग सांगतो: बोलणारा आनंदाने झालेली गोष्ट सांगतोय, की निघायच्या घाईत आहे?

शेजारी भूतकालवाचक धातुसाधित असेल, जसं ‘ब्रोकन’, ‘फायर्ड’, ‘कॉट’, तर कर्मणी प्रयोग तयार होतो. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: खिडकी फुटलेली होती, किंवा खिडकी फोडली गेली. ‘द विंडो गॉट ब्रोकन’चा एकच: खिडकी फुटली. परत तोच उंबरठ्याचा क्षण. या रचनेत बऱ्याचदा कर्त्यावर काहीतरी ओढवल्याची छटा असते, म्हणून ‘ही गॉट फायर्ड’, ‘शी गॉट हर्ट’ अशी वाक्यं बोलण्यात फार येतात. नियमांच्या पुस्तकाच्या भाषेत ही रचना सहसा दिसत नाही.

आणि शेवटी दुसऱ्याकडून करवण्याची गोष्ट. ‘गेट’नंतर आधी माणूस, मग ‘टू’ आणि क्रियापद: ‘गेट हिम टू साइन’. इंग्रजीत करवण्यासाठी तीन क्रियापदं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. ‘मेक हिम साइन’ म्हणजे त्याला सही करायला भाग पाडणं. ‘हॅव हिम साइन’ म्हणजे त्याला सांगून, कामाचा भाग म्हणून सही घेणं. ‘गेट हिम टू साइन’मध्ये थोडी खटपट आहे, समजूत काढणं आहे, माणूस सहज तयार नव्हता ही जाणीव आहे. ‘टू’ फक्त ‘गेट’बरोबर येतं, बाकी दोघांबरोबर नाही. हे मात्र पाठच करा. वस्तूच्या बाबतीत रचना वेगळी: ‘गेट द वॉच रिपेअर्ड’, घड्याळ दुरुस्त करून घेणं. आणि याच साच्यात नको असलेली गोष्टही बसते. ‘शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर’. तिने मुद्दाम काही करून घेतलं नाही, तिचं बोट दारात सापडलं. साचा तोच, हेतू होता की नव्हता ते प्रसंगावरून कळायचं.

‘शी गॉट हिम टॉकिंग’ही आता उलगडेल. माणूस, मग ‘इंग’ लागलेलं क्रियापद: त्याला त्या हालचालीत आणून सोडणं. तो बोलत नव्हता, आता बोलतोय.

पायरी ४: ‘हॅव गॉट’ला भूतकाळ समजू नका

‘आय हॅव गॉट अ पेन’ याचा अर्थ ‘माझ्याकडे पेन आहे’. रूप पूर्ण काळाचं, अर्थ वर्तमानाचा. नवख्याला हे विचित्र वाटतं, पण मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. ‘तो बसला आहे’ म्हणताना आपण तेच करतो. रूप बघाल तर बसण्याची क्रिया झालेली आहे, अर्थ बघाल तर तो आत्ता बसलेल्या स्थितीत आहे. मिळवून झालं, म्हणून आता जवळ आहे. क्रिया संपली की स्थिती उरते, आणि वापर रुळत गेला की लोकांना फक्त स्थितीच ऐकू येते. ‘हॅव गॉट’चं हे स्थित्यंतर सुमारे चारशे वर्षांपूर्वी झालं.

इथेच ब्रिटिश आणि अमेरिकन वाटा फुटतात. ब्रिटिश इंग्रजीत तिसरं रूप आज ‘गॉट’. अमेरिकन इंग्रजीने जुनं ‘गॉटन’ जपलं आणि त्याला वेगळं काम दिलं. अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणाला तर गाडी त्याच्याकडे आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणाला तर त्याने ती मिळवली आहे. स्थिती एकीकडे, उंबरठ्याचा क्षण दुसरीकडे. ‘गॉटन’ला अमेरिकन बिघाड म्हणणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. ते रूप ब्रिटनमधूनच गेलेलं आहे, आणि ‘फरगॉटन’मध्ये ते ब्रिटनमध्येही रोज बोललं जातं.

पायरी ५: आता उगमाकडे चला

उगम शोधताना शब्दाच्या ध्वनीकडे आधी बघायचं, अर्थाकडे नंतर. ‘गेट’चा पहिला ध्वनी आहे कडक ‘ग’, आणि सगळी कथा त्या एका ध्वनीत दडली आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० सालापूर्वीच्या भाषेत, ‘इ’ किंवा ‘ए’च्या आधी येणारा ‘ग’ मऊ होत होत ‘य’ झाला होता. जर्मन आणि इंग्रजी शेजारी ठेवा. जर्मनमध्ये पिवळ्याला ‘गेल्ब’, इंग्रजीत ‘यलो’. जर्मनमध्ये कालच्या दिवसाला ‘गेस्टर्न’, इंग्रजीत ‘यस्टर्डे’. मग या नियमाने ‘गेट’चं ‘येट’ व्हायला हवं होतं. ते झालं नाही, याचा अर्थ हा शब्द त्या घरात जन्मलेला नाही, बाहेरून आलेला आहे.

तो आला समुद्रावरून. ७९३ साली उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न मठावर व्हायकिंगांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी, हल्ला केला. ८६५ मध्ये त्यांची मोठी फौज उतरली आणि लूट करून परत जाण्याऐवजी राहिली. ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत राजा आल्फ्रेडने त्यांना रोखलं, पण इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग त्यांच्याच ताब्यात राहिला. त्या प्रदेशाला पुढे ‘डेनलॉ’ म्हणू लागले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांतलं शेवटचं ‘बी’ हा त्यांचाच शब्द, अर्थ गाव किंवा वस्ती.

शेजारी राहणाऱ्या, एकमेकांत लग्नं करणाऱ्या लोकांच्या भाषाही एकमेकींत शिरतात. या व्हायकिंगांच्या भाषेला जुनी नॉर्स म्हणतात. तिच्यातून इंग्रजीत आलेले शब्द राजवाड्यातले नाहीत, अंगणातले आहेत: स्काय, स्किन, लेग, नाइफ, विंडो, हजबंड, टेक, कॉल, आणि ‘दे’ हे सर्वनामसुद्धा. भाषा नामं सहज उसनी घेतात, सर्वनाम क्वचितच. यावरून ते दोन समाज किती जवळ राहत होते ते कळावं.

त्या भाषेत ‘गेटा’ असं क्रियापद होतं. अर्थ: मिळवणं, पोचणं, जमणं, अपत्याला जन्म देणं, अंदाज बांधणं. साधारण १२०० च्या सुमारास ते लिखित इंग्रजीत दिसू लागतं. म्हणजे मिळवणं आणि पोचणं हे दोन अर्थ एकमेकांपासून कसे निघाले याचं कोडं घालून घ्यायची गरज नाही, शब्द येतानाच दोन्ही पदरात घेऊन आला होता. ‘आय गॉट टू मीट हर’मधलं जमणंही त्याच जुन्या अर्थाच्या जवळचं.

जुन्या इंग्रजीत याच कुळातला देशी भाऊ होता, पण तो एकटा क्वचितच हिंडायचा. उपसर्गाचा हात धरूनच यायचा. ‘फोर्यिएतन’ म्हणजे विसरणं. ‘बेयिएतन’ म्हणजे मिळवणं. यांतला ‘य’ ऐकलात? हाच तो मऊ झालेला ‘ग’. पुढे पाहुण्या ‘गेट’चा प्रभाव इतका वाढला की या जुन्या शब्दांनीही आपला ‘य’ टाकून ‘ग’ घेतला आणि ते ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ झाले. घरात आलेल्याने घरच्यांचा उच्चार बदलला. ‘गिव्ह’चंही असंच झालं. चौदाव्या शतकातले लंडनकडचे लेखक देण्याला ‘य’ने सुरू होणारा शब्द वापरत, उत्तरेकडचा ‘ग’ नंतर जिंकला.

अशा काळात माणसांची काय अवस्था होत असेल? इंग्लंडमधले पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून समुद्राकडे निघाले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातल्या एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली, शब्द वापरला ‘एग्ज’. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. मग दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, तेव्हा बाईला कळलं. ‘एग’ हा नॉर्स शब्द, त्यात ‘ग’. ‘आयरेन’ हा दक्षिणेकडचा जुना इंग्रजी शब्द, त्यात तोच मऊ झालेला ध्वनी. ‘गेट’ आणि ‘फोर्यिएतन’ यांच्यातला झगडा एका बाईच्या दारात उभा राहिलेला आहे.

पायरी ६: आणखी मागे जा, पण पुरावा घेऊन

व्युत्पत्तीचा कोश उघडलात की काही शब्दांच्या आधी ताराचिन्ह दिसेल. त्याचा अर्थ: हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, नात्यातल्या भाषांची तुलना करून तो अभ्यासकांनी बांधला आहे. ‘गेट’च्या मुळाशी अशीच ताराचिन्हाची एक इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, जर्मन, इंग्रजी या सगळ्यांच्या समान पूर्वज भाषेतली, मूळधातू दिलेली असते, ‘घेंद्’च्या जवळपासची, अर्थ पकडणे. लॅटिनमध्ये तिचं झालं ‘प्रेहेंदेरे’मधलं ‘हेंद’.

‘हेंद’ आणि ‘गेट’ एकाच घरातले कसे? १८२२ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी या ध्वनिबदलांचा नियम मांडला, आणि तो पडताळायला आपल्याला लॅटिनही लागत नाही. मराठी ‘दोन’, ‘दहा’, ‘दात’ घ्या आणि शेजारी इंग्रजी ‘टू’, ‘टेन’, ‘टूथ’ ठेवा. आपल्या ‘द’च्या जागी त्यांचा ‘ट’. आता ‘हंस’ आणि ‘गूज’. आपल्या ‘ह’च्या जागी त्यांचा ‘ग’. लॅटिन ‘हेंद’मध्ये ‘ह’च्या जागी ‘ग’ ठेवा, ‘द’च्या जागी ‘ट’ ठेवा, आणि मधला अनुनासिक सोडून द्या, कारण तो सगळ्या रूपांत नव्हताच. काय उरलं? हे मी पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही.

त्या लॅटिन शाखेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले शब्द बघा. ‘प्रिझन’, जिथे पकडून ठेवतात. ‘सरप्राइज’, अचानक येऊन पकडणं. ‘अप्रेंटिस’, जो कसब आत्मसात करतो. आणि ‘कॉम्प्रिहेंड’, पूर्ण पकडणं, म्हणजे समजणं. ‘आय गेट इट’ आणि ‘आय कॉम्प्रिहेंड’ ही एकाच मुळाची दोन टोकं आहेत, एक बोलण्यातलं, एक पुस्तकी. हाताने धरण्याचं मनाने धरण्यात रूपांतर होणं आपल्यालाही नवं नाही. आपण ज्ञान ग्रहण करतो, एखादा मुद्दा पकडतो. आणि पोचण्याचं? ‘अवगत’मध्ये ‘गम्’ म्हणजे जाणं आहे. गती दाखवणारे धातू ज्ञानही दाखवतात, हे संस्कृत वैयाकरणांनी नोंदवलेलंच आहे.

‘फरगेट’ही इथे उलगडतं. त्यातला ‘फर’ हा उपसर्ग दूर जाण्याचा, उलट होण्याचा. पकड सुटणं म्हणजे विसरणं. ‘गेस’, अंदाज करणं, हाही बहुधा याच कुळातला, स्कँडिनेव्हियातून आलेला.

आणि आता सावध करतो. ‘गेट’ आणि आपलं ‘घेणे’ ऐकायला इतके जवळ आहेत की दोघांचं नातं जोडायचा मोह होतोच. पण ‘घेणे’ आलं ‘ग्रह्’ धातूपासून, प्राकृतातून घासत घासत. ‘ग्रह्’मध्ये ‘र’ आहे, शेवटी ‘ह’ आहे आणि वेदांत तिथे ‘भ’ सापडतो. ‘गेट’च्या मुळात यातलं काहीच नाही. कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. दोन शब्दांचं नातं तेव्हाच मानायचं, जेव्हा त्यांच्यातला ध्वनीचा फरक इतर अनेक जोड्यांतही तसाच सापडतो.

पायरी ७: जोडशब्दांना जागेच्या नजरेने वाचा

‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘गेट बाय’ यांच्या याद्यांनी विद्यार्थी हैराण होतात. इथे पोचण्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, त्याचा उपयोग करा. ‘ओव्हर’ म्हणजे वरून पलीकडे: दुःखावरून पलीकडे पोचणं म्हणजे सावरणं. ‘थ्रू’ म्हणजे आरपार: कठीण दिवसांतून पार पडणं, किंवा फोन लागणं. ‘अक्रॉस’ म्हणजे समोरच्या काठाला: आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवणं. ‘बाय’ म्हणजे कडेने निसटून पुढे: जेमतेम भागवणं. ‘अवे विथ’ म्हणजे घेऊन पसार होणं, त्यातून करूनसवरून सुटणं. सगळे असे उलगडणार नाहीत, पण बरेच उलगडतात.

वाहनांचा एक फरक मात्र लक्षात ठेवा. बस, रेल्वे, विमान यांत ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. मोटारीत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आत उभं राहून चालता येत असेल तर ‘ऑन’, वाकून शिरावं लागत असेल तर ‘इन’. ‘उतरणे’च्या प्रभावाने आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. ते झाडावरून किंवा शिडीवरून उतरायला ठीक.

आणखी दोन मराठी वळणं. ‘मला उशीर झाला’चं ‘आय गॉट लेट’ करू नका, ‘आय वॉज लेट’ म्हणा. ‘मला कळलं की तो गेला’ यासाठी ‘आय गॉट टू नो’ नको, ‘आय फाउंड आउट’ हवं. ‘गेट टू नो’ म्हणजे एखाद्या माणसाशी हळूहळू ओळख वाढणं.

पायरी ८: कुठे वापरू नये तेही शिका

अर्ज, अहवाल, कायदेशीर कागद यांत ‘गेट’ कमी दिसतं. तिथे ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ असे शब्द येतात. १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार आणि न्यायालय यांत फ्रेंच भाषा आली, आणि हे शब्द त्या वाटेने आले. त्यांतल्या ‘अराइव्ह’चा मूळ अर्थ काठाला लागणं. आपलं ‘लागणे’ इथेही आलंच. पण औपचारिकतेच्या भीतीने बोलण्यातून ‘गेट’ हाकलू नका. मित्राला ‘आय ऑब्टेन्ड युअर मेसेज’ म्हणणं म्हणजे ‘तुझा निरोप मला प्राप्त झाला’ म्हणण्यासारखं आहे.

पायरी ९: वही घ्या

कुठल्याही इंग्रजी मजकुराचं एक पान घ्या, शक्यतो संवादांचं. प्रत्येक ‘गेट’भोवती गोल करा. त्याच्या उजवीकडचा शेजारी अधोरेखित करा. वहीत तीन रकाने आखा: पहिल्यात वाक्य, दुसऱ्यात त्यानंतरची ‘हॅव’ किंवा ‘बी’ची स्थिती, तिसऱ्यात तुमच्या तोंडात सहज येणारं मराठी वाक्य. तिसरा रकाना भरताना ‘मिळणे’ दिसलं तर एकदा थांबून खात्री करा. अर्थ अडला तर शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश बघा, त्यात जास्त वापराचे अर्थ आधी येतात. उगमाचं कुतूहल असेल तर ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. तिथे अर्थांची मांडणी इतिहासाच्या क्रमाने असते, जुना आधी. दोन्ही कोशांचा क्रम वेगळा का, हे माहीत नसलं की नवखा माणूस जुना, मेलेला अर्थ उचलून वाक्यात घालतो.

‘गेट’चं पान भरलं की पुढचं क्रियापद ‘टेक’ घ्या. तेही नॉर्स, मूळ ‘टाका’. त्याने जुन्या इंग्रजीतलं ‘निमन’ हे घेण्याचं क्रियापद हुसकावून लावलं. जर्मनमध्ये ते ‘नेमेन’ म्हणून आजही आहे, इंग्रजीत त्याचं भूतकाळातलं धातुसाधित तेवढं उरलं, आणि ते रोज भेटतं: बोट बधिर झालं की ‘नम’ म्हणतात, ते हेच. ज्याची जाणीव घेतली गेली आहे, असं.